उघाडी

शिरोड्याच्या मिठागरात बावीस वर्षं
मी पाण्याची उंची नजरेनं सांगत आलो.
तापवणीत किती, कोंडीत किती,
उधाणाला उघाडीची कुठली फळी काढायची,
भांगाला कुठली ठेवायची.
कागद कधी लागला नाही.

आता कागद आहे.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी निळ्या पेनानं लिहिलेला:
वरचा एकशेतीसच्या आत,
खालचा ऐंशीच्या आत.
भोवती गोल, दोनदा गिरवलेला.

त्याआधी सहा वर्षं तीन-तीन गोळ्या खाऊन
आकडा एकशे सत्तरच्या खाली उतरत नव्हता.
वेंगुर्ल्याचे डॉक्टर म्हणायचे, ताण घेऊ नका.
शेजारचा आबलो म्हणायचा,
'खारो बांगडो खातंस, आणि काय होतला?'
खारा बांगडाही सोडला.
रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे,
कुंदा उशाशी शहाळं ठेवायची.

मग रक्त, आणि चोवीस तासांची लघवी
पाच लिटरच्या कॅनात,
आरोंद्याच्या पुलावरून पायांत धरून नेली.
कंडक्टरनं विचारलं, ताडी काय?

बाई म्हणाल्या, मसुरकर,
मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते.
तुमच्या दोन्ही बाजूंच्या जरा जास्तच कामसू.
मीठ बाहेर सोडायलाच तयार नाहीत,
मिठामागून पाणी साठतं,
पोटॅशियम मात्र वाहून जातं.
मी हसलो, तशा त्या थांबल्या.
म्हटलं, बाई, मी बाहेर जे करतो
तेच आत कोणीतरी करतंय,
मजुरीशिवाय.

दोन्हीकडे असल्यानं कापून काढता येणार नाही.
गोळी.
मीठ दिवसाला चहाचा एक चमचा, सगळं धरून.
आणि शहाळं बंद.
या गोळीनं पोटॅशियम आत राहतं,
फार चढलं तर हृदय चुकतं.
माझ्या दारात अकरा माड आहेत.

दोन महिन्यांत एकशे चौतीस.
तिसऱ्या महिन्यात छाती दुखायला लागली,
आधी डावी, मग उजवी,
आणि बाईमाणसासारखी वर आली.
उघड्या अंगानं फावडं ओढणारा माणूस
एप्रिलच्या उन्हात सदरा घालून कामाला आला.
पोरं काय म्हणाली ते लिहीत नाही.
गोळी मी खाडीत टाकू लागलो, रोज एक.
कुंदाला सांगितलं नाही.

एकशे चौसष्ट.
एकशे बहात्तर.
मेघना हे आकडे कॅलेंडरवर
दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायची.
एका चौकोनात तिनं नुसतं प्रश्नचिन्ह काढलं,
माझ्याकडे न बघता.

बाईंना सांगताना मी खिडकीकडे बघत होतो.
त्या हसल्या नाहीत.
'या गोळीनं होतं असं. आधी सांगायला हवं होतं मी.'
दुसरी लिहिली. महाग, दिवसातून दोनदा.
मग म्हणाल्या, नुसता आकडा पुरत नाही.
रक्तात रेनिन म्हणून एक असतं,
तुमचं कित्येक वर्षं झोपलंय.
मीठपाणी भरपूर, मग जागायचं कशाला?
ते जागं झालं की समजायचं, गोळी पोचली.
'म्हणजे उघाडीवरचा राखण्या,' मी म्हटलं.
त्या पुढच्या पेशंटचा कागद शोधत होत्या.

आज अष्टमी, भांग.
पाणी बांधाला जेमतेम टेकून मागे गेलं.
मेघना दंडाला पट्टा बांधते,
'बाबा, बोलू नको.'
मशीन घुंईं करतं, सुटतं.
एकशे अठ्ठावीस, एकोणऐंशी.
'आठवडाभर असंच येऊ दे,' ती म्हणते, 'मग खरं.'
रेनिनचा रिपोर्ट सोमवारी.

कुंदा पेज आणते,
बशीच्या कडेला जुन्या सवयीनं चिमूटभर मीठ,
ते बघते, बोटानं टिपून परत नेते.

मिठाचे ढीग अजून झापांनी झाकायचे आहेत.
मी सदरा काढतो,
खुंटीला अडकवतो.